लोणारची एक दिवसाची यात्रा

सरोवराच्या कांठीं एक दिवस घालवावा व नौकेंत बसावें, अशी हौस स्कॉटलंडसारख्या देशांत फार आहे. वाशीमकरांस सरोवरासाठीं इतकें दूर जावें लागत नाहीं. रिसोडमार्गें निघून जिल्ह्याची सीमा ओलांडली म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार लागतें. मात्र तेथील जल निराळ्या प्रकृतीचें आहे.

गेल्या माघांत आम्ही घरचीं लहानथोर नऊ माणसें तेथें गेलों. सुमारें १,८३० मीटर व्यासाची वाटोळी द्रोणी, उतारावर दाट झाडी, आणि तळाशीं हिरवट, निश्चल पाणी! विष्णूनें लवणासुराचा वध येथें केला, अशी पुराणकथा आहे. गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर तिचेंच स्मारक होय. शास्त्रज्ञ म्हणतात, अशनिपातानें काळ्या पाषाणांत हा खड्डा पडला. ‘ऐने अकबरी’ या ग्रंथांतही येथें कांच व साबण यांस लागणारी द्रव्यें मिळत असल्याचा उल्लेख आहे.

हें पाणी तीव्र क्षारयुक्त, म्हणून पिण्यास अयोग्य. तरी सूक्ष्म जीवांची एक सृष्टि त्यांत नांदते. २०२० च्या जूनमध्यें तें गुलाबी झालें, तेव्हां तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. त्याच वर्षीं या सरोवराचा रामसर यादींत समावेश झाला.

कांठावर मात्र गोमुखांतून गोड्या पाण्याची धार पडते. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंनीं तिच्याखालीं स्नानें केलीं. आमच्या वडील भगिनी आक्का यांनींही बालपणीं आईचा हात धरून तें केलें होतें. पंचाहत्तराव्या वर्षीं पुन्हां घडावें, ही त्यांची इच्छा होती. नातवानें उत्साहानें पिशवींतून साबण काढला. आक्का म्हणाल्या, “अरे, तो ठेव आंत. हें पाणी खालीं तळ्यांतच जातें ना?” मग त्यांनीं ओंजळभर पाणी मस्तकीं घेतलें, दोन थेंब दुखऱ्या गुडघ्यांस लावले, आणि “झालें माझें स्नान,” असें म्हणून त्या पायरीवर बसल्या.

पाण्यांत मळ टाकूं नये, असें स्मृतिकारांनीं सांगितलें, तें पुण्यापापाच्या भाषेंत. शास्त्र तेंच कारणासह सांगतें: साबण व सांडपाणी तळ्यांत मिसळत राहिलें तर क्षारांचें प्रमाण बिघडेल, आणि त्यांवर जगणारी सृष्टिही नाहींशी होईल. आपला मळ तीर्थास देऊन येणें, ही यात्रा नव्हे.

वाचकांनीं सहकुटुंब लोणारास अवश्य जावें. थंडीच्या दिवसांत सकाळींच पोहोंचावें, वृद्धांस उतार सावकाश उतरूं द्यावा, आणि शिदोरीच्या रिकाम्या पत्रावळी घरीं परत आणाव्या.