गायिका : कामिनी

जुन्या गाण्यांचं वेड असलेला माणूस ओळखायला फार सोपा. गाणं लागलं की बाकीचे लोक मुखडा गुणगुणतात, अंतऱ्याला मान डोलावतात. हा गृहस्थ तेवढा वेळ गप्प असतो. मुखडा संपून अंतरा सुरू होण्याआधीची ती मधली काही सेकंदं आली, की एकदम हात वर करतो. ‘थांबा थांबा, आता कुणी बोलू नका. हा ॲकॉर्डियन ऐका!’ ॲकॉर्डियन वाजून जातो, नेमकं काय ऐकायचं होतं ते इतरांना कळायच्या आत गायक परत येतो, आणि हा सगळ्यांकडे बघत सांगतो, ‘केरसी लॉर्ड. आराधना. एकोणसत्तर साल.’ चेहरा असा, की जणू तोच आत्ता वाजवून उठलाय.

मी या जमातीतलाच. अधूनमधून आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. एकाकडे चावीचा ग्रामोफोन आहे, एकाकडे रेकॉर्डींनी भरलेलं कपाट, आणि एकाकडे यातलं काहीही नाही, फक्त स्मरणशक्ती आहे. त्याला आम्ही सगळे वचकून असतो. घरच्यांनी आमच्यावर केव्हाच पाणी सोडलंय. परवा चहा आणून देताना एका वहिनींनी विचारलं, ‘तुम्हाला गाणी आवडतात की गाण्यांची माहिती?’ कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून सगळ्यांनी चहा घेतला.

‘महल’ची रेकॉर्ड कधी हातात घेऊन पाहावी. लाखेची, काळी, जड, हातातून निसटली तर बशीसारखी फुटणारी. मधोमध लेबल. १९४९ सालचा सिनेमा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. मधुबाला झोपाळ्यावर बसून गाते ते गाणं आज ज्याला ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण. आणि सुरुवातीच्या रेकॉर्डींच्या लेबलावर गायिकेचं नाव काय होतं? कामिनी. सिनेमातल्या त्या बाईचं नाव! तेव्हाची रीतच होती ती. पडद्यावर जे पात्र गातं त्याचंच नाव लेबलावर, गळा कुणाचा का असेना. रेडिओवर गाणं वाजलं आणि लोक विचारू लागले, ही कामिनी कोण? मग आकाशवाणीनं रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली, आणि लता मंगेशकर हे नाव हवेत गेलं. म्हणजे आमच्या जमातीचा पहिला प्रश्न कुठल्या जाणकारानं नाही, साध्या श्रोत्यांनी विचारला होता, आणि त्याचं उत्तर द्यायला कंपनीला भाग पाडलं होतं. वहिनींना हे सांगायला हवं होतं. असो.

त्याच गाण्याची आणखी एक गोष्ट लताबाईंनीच मुलाखतींतून सांगितली आहे. सुरुवातीच्या संथ ओळी लांबून जवळ येत असल्यासारख्या ऐकू यायला हव्या होत्या. आज हे काम बटण सरकवून होतं. तेव्हा सरकवायला माणूसच होता. माइक खोलीच्या मध्यावर. लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात, एकेक पाऊल टाकत माइकपर्यंत आल्या. पहिल्या ओळी संपायला आणि माइक समोर यायला एकच गाठ पडली पाहिजे. पाऊल लवकर पडलं की पुन्हा कोपऱ्यात. हे एकदा कळलं की ते गाणं नुसतं ऐकताच येत नाही. जमिनीवरून चाललेली वीस वर्षांची मुलगी दिसायला लागते. एक डोळा माइकवर, एक कान तालावर. खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये गेले. त्या गाण्यानं पुढे काय काय घडवलं ते बघायला ते राहिले नाहीत.

नावांच्या बाबतीत आपल्या संगीतकारांनीही काही कमी गोंधळ घातलेला नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर संगीतकार म्हणून सी. रामचंद्र आणि गायक म्हणून नुसते चितळकर, त्यामुळे एकाच लेबलावर एकच माणूस दोनदा. वासुदेव भाटकरांनी लेकीच्या नावावरून स्नेहल हे नाव घेतलं. अजूनही कुणीतरी हमखास विचारतो, ‘या स्नेहलबाईंनी आणखी कुठल्या सिनेमांना संगीत दिलं हो?’ एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. आणि आनंदघन! भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या सिनेमांच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून हे नाव. माणूस कुठे दिसत नाही, मुलाखत देत नाही. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला आणि आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाईच, हे समारंभातच सगळ्यांसमोर उघड झालं. जिचं नाव एकदा लेबलानं लपवलं होतं, तिनं पुढे आपणहून नाव लपवलं. पहिल्या वेळी तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पण ही सगळी शेवटी नाव झालेली माणसं. माझा जीव जास्त गुंततो तो दुसरीकडे. सिनेमाच्या सुरुवातीला नावं पळत असतात, त्यात संगीतकार मोठ्या अक्षरांत, सहायक लहान अक्षरांत, आणि त्यापुढे काही नाही. चाळीस व्हायोलिनं वाजत असतात आणि वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नसतं. त्यांतली कितीतरी माणसं गोव्याची होती. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तीच मुलं मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांच्या जाझ बँडमध्ये रात्री वाजवू लागली आणि दिवसा स्टुडिओत. हिंदी सिनेमाच्या संगीतकाराकडे चाल असायची, पण पन्नास वादकांपैकी कुणी कधी काय वाजवायचं हे कागदावर उतरवणारा माणूस त्याला हवा असायचा. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार, हा माणूस ती लिहून घेणार, मधल्या जागा भरणार, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा काढणार. रेकॉर्डिंगला सगळे एकत्र, माइक मोजके, आणि शेवटच्या ओळीला एकाचं बोट घसरलं तरी गाणं पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी हातात पैसे घेऊन वादक घरी. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर दोघांकडेही हे काम केलं. या दोघांचं संगीत एकमेकांपासून इतकं वेगळं आहे, की मागे हात एकाच माणसाचा हे ऐकल्यावर आमच्यातला एकजण उठून गॅलरीतच जाऊन उभा राहिला होता.

क्वचित यांतला कुणी पडद्यावर सापडतो. ‘अलबेला’ (१९५१) पुन्हा लावलात तर भगवानदादांच्या पायांवरची नजर जरा काढून मागच्या बँडकडे न्या. झालरींचे झगमगीत कपडे घातलेला तो ट्रम्पेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. मूळचे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्या सिनेमातल्या गाण्यांवर इतकी वर्षं नाचतायत, आणि ज्याच्या ट्रम्पेटवर नाचतायत तो त्यांच्या डोळ्यांसमोरच उभा आहे.

आणि मग अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये अमिताभ एका प्रचंड अंड्यातून बाहेर येतो. डोक्यावर उंच टोपी, हातात छत्री, आणि तोंडानं स्वतःचं नाव सांगतोय. थिएटरात शिट्ट्या. किती जणांना ठाऊक होतं, की हे नाव काही लेखकानं सहज बसवलेलं नाही? मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे या सिनेमाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. पुढे १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि हिंदी सिनेमातून बाहेरच पडले. शिष्यानं काय करावं? गुरूचं नाव देशभरातल्या पोरासोरांच्या तोंडी घातलं. पुरस्कार, पुतळे, रस्त्यांच्या पाट्या यांपेक्षा मला ही अंड्यातली मानवंदना जास्त आवडते. तिच्यात सुतकीपणाचा लवलेश नाही.

वाद्यांच्या बाबतीत फसगती तर विचारू नका. ‘शोले’तला अमिताभचा माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. ‘नागिन’ (१९५४) मधली पुंगी ही पुंगीच नाही, हे मात्र ऐकणाऱ्याला अजून पटत नाही. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य वाजवलं आणि सोबत रवी यांची पेटी. दोघेही तेव्हा हेमंतकुमारांच्या हाताखाली. सिनेमा लागला की थिएटरात साप येत, अशी कथा मी लहानपणापासून ऐकत आलोय. सापाला बाहेरून कान नसतात आणि पुंगीवाल्याच्या हालचालीवर तो डोलतो, हे शाळेत शिकलो तरी कथा मोडवत नाही. कान न दिसणाऱ्या प्राण्यानं नसलेल्या पुंगीवर फिदा व्हावं, यापेक्षा चांगली दाद कुठल्या संगीतकाराला मिळाली असेल?

फसवणूक म्हटली की मराठी माणसाला प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवायला हवा. बीजातून झाड कसं होतं ते सांगणारा त्यातला अभंग तुकोबांच्या गाथेत शोधून पाहा. मिळणार नाही. तो शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिला. विष्णुपंत पागनीस तो असे गायले आणि केशवराव भोळ्यांनी चाल अशी बांधली, की तो गावोगावच्या भजनांत तुकोबांचा म्हणून जाऊन बसला. कवीला याहून मोठं यश नाही आणि याहून मोठं नुकसानही नाही. आमच्यातले एकजण भजनी मंडळात टाळ वाजवतात. त्यांनी तिथे हे सांगितलं, तर बुवांनी त्यांना शांतपणे विचारलं, ‘मग काय, म्हणू नये म्हणता?’

या उद्योगात एक उपजमात आहे, तिच्याशी माझं जमत नाही. कोण नट कुठल्या नटीवर भाळला होता, कुणी कुणाला स्टुडिओच्या दारात थोबाडीत मारली, एवढंच तिला माहीत असतं. तेही चवीनं ऐकतो मी, नाही असं नाही, पण घरी जाताना डोक्यात काही उरत नाही. आणि ‘मुगल-ए-आझम’मधल्या शीशमहालातल्या गाण्याला घुमारा यावा म्हणून लताबाई न्हाणीघरात उभ्या राहून गायल्या, ही कथा तर आमच्याकडे दर खेपेला निघते. दोन पक्ष पडतात. पुरावा कुणाकडेच नसतो, त्यामुळे आवाज चढतात.

पुरावा म्हणजे कागद. पूर्वी थिएटरच्या दारात सिनेमाच्या गाण्यांची चोपडी विकायला असे. पातळ कागद, वर नटीचं चित्र, आत गाणी आणि कथेचा सारांश, आणि सारांश ऐन वळणावर तोडून पुढचं पडद्यावर बघायला सांगणारी ओळ. तेल लागलेल्या, दुमडलेल्या अशा चोपड्या आणि रेकॉर्डींची लेबलं जमवत कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा केला. १९८० साली पहिला छापून आला तो खंड १९५१ ते १९६० या दशकाचा. सिनेमा, साल, गाणी, गायक, गीतकार. आमच्यात वाद पेटला की यजमान कोश आणायला आत जातात, आणि ते बाहेर येईपर्यंतच्या मिनिटभरात अनेकांची मतं बदलतात.

पण कोशानंही काय करावं, असं एक प्रकरण आहे. ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक, पहिला भारतीय बोलपट. त्यात सात गाणी. सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही, आणि गाण्यांच्या रेकॉर्डी कधी निघाल्याच नाहीत. पहिलं गाणं फकिराच्या वेषातल्या वझीर मोहंमद खान यांनी म्हटलं, हे माहीत. कसं म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही. नायक आपले मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवार गाजवलेला गडी. त्यांना हिंदुस्थानी संवाद जड जात, म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवलं, असं सांगतात. दुसऱ्या कंपनीशी करार मोडल्यावरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते मोहंमद अली जिना. ही माहिती आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच बैठकीत देतात, आणि त्याच्या चेहऱ्याकडे सगळे टक लावून बघतात.

मागच्या खेपेला असाच एक नवा मुलगा आला. पंचविशीचा असेल, कानात त्या बिनवायरीच्या बोंड्या. त्यानं जिना पचवले, पुंगी पचवली. मग म्हणाला, ‘काका, एक विचारू? इंग्रजी कविता असलेला पहिला जुना मराठी पिक्चर कुठला?’ स्मरणशक्तीवाले सरसावून बसले. ‘कुंकू,’ ते म्हणाले. ‘सदतीस साल. शांता आपटे. लाँगफेलोची कविता. पहिला की कसं ते सोड, पण सिनेमा तोच.’

‘बरोबर. आणि त्या सिनेमात पार्श्वसंगीत किती आहे?’

‘अजिबात नाही. जे वाजतं ते त्या घरातलंच वाजतं. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी मुद्दाम तसं ठेवलं.’

‘मग त्या कवितेला साथ कशाची आहे?’

स्मरणशक्तीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. यजमान सवयीनं कोश आणायला उठले, कोश हिंदी गाण्यांचा आहे हे दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, तरी तसेच आत गेले. कपाटवाला म्हणाला, फोनवर लावा रे कुणीतरी. मुलगा म्हणाला, ‘असं नाही काका, आधी सांगा.’ वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी कपबशा तिथेच ठेवल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘सरका जरा. मला पण ऐकू दे.’