बिनकामाची मुंबई

अंबरनाथहून मुंबई ती किती लांब? साठ किलोमीटर, लोकलने दीड तास. लग्न होऊन इथे आले त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी मुंबईला गेले ती कधी सासऱ्यांच्या तपासणीसाठी, कधी कुणाच्या मुंजीला, कधी दादरला बस्ता बांधायला. पिशव्या घेऊन जायचं आणि घड्याळ बघत परतायचं. मुंबई पाहायची म्हणून कधी गेले नव्हते.

मी एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. मार्चमध्ये मुंबईच्या जुन्या इमारतींबद्दल सांगत होते, तर एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिल्यात?" मी 'पुढच्या तासाला सांगते' म्हणून वेळ मारून नेली. पण ते मनाला लागलं.

चित्रकला शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, मग जाऊया ना! जूनमध्ये आमचं बिऱ्हाड नागपूरला हलणार. नंतर कधी जमायचं?"

घरी विचारताना मात्र जीभ अडखळली. "काम काय आहे तिकडे?" सासूबाईंनी विचारलं. "काहीच नाही," म्हटलं. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलांचं मी बघते. डोक्याला रुमाल बांधा, ऊन फार आहे." ह्यांनी तर रात्रीच पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

गर्दी ओसरल्यावर निघालो. अंबरनाथहून सुटणारी गाडी, त्यामुळे बायकांच्या डब्यात चक्क खिडकी मिळाली! दशम्या, लसणाची चटणी आणि कैरीचं पन्हं बरोबर होतंच.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर एरवी आपण धावत सुटतो. या वेळी आम्ही रस्ता ओलांडून समोर जाऊन उभ्या राहिलो. १८८८ साली पुरं झालेलं हे स्थानक २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला! भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं. "हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं," मैत्रीण म्हणाली आणि वही काढून तिथेच फूटपाथवर रेघोट्या मारू लागली. मी तिच्यावर छत्री धरून उभी! येणारे-जाणारे थांबून तीही बघत होते आणि वरही बघत होते.

तिथून हुतात्मा चौकावरून चालत टाऊन हॉलला गेलो. १८३३ साली बांधून झालेली ही इमारत, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे येऊन वाचत बसत. तीस पायऱ्या चढून खांबांच्या सावलीत टेकलो आणि मला एकदम आठवलं. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला आणि त्यावर लिहिलं, ते याच संस्थेच्या नियतकालिकात! आमच्या गावचा दगड वाचणारी माणसं या शहरातली, आणि मी दर श्रावणी सोमवारी त्या देवळात जाऊन लेख कुठे आहे हे कधी शोधलंसुद्धा नाही. काखेत कळसा म्हणतात ना, तसंच हे.

दुपारची उन्हं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढली, मग गेटवेच्या कठड्याशी समुद्राचा वारा घेतला. मैत्रीण म्हणाली, "नऊ वर्षांची आपली ओळख, पण भाजी घेताना आणि डबे भरतानाच बोललो आपण." मला उत्तर सुचलं नाही. साडेचारलाच परत फिरलो, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत काही खरं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मुलांना घेऊन शिवमंदिरात गेलो. लेख उत्तरेकडच्या दारावर, वरच्या दगडाच्या आतल्या बाजूला. माना वर करून बघत बसलो. नंतर मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो. माथ्यावर शिखर अपुरं, त्यातून आभाळ दिसतं. तेही मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मैत्रिणीनं नागपूरला न्यायला म्हणून भिंतीवरच्या एका मूर्तीचं चित्र काढून घेतलं.

मैत्रिणींनो, तुम्हीही एक दिवस असा काढा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून मधला वार निवडा. पायात सपाट चपला घाला, पाणी भरपूर घ्या, आणि एका दिवसात तीन-चार ठिकाणांपेक्षा जास्त हाव धरू नका. खरेदीची यादी मात्र घरीच ठेवा. यादी हातात आली की बघणं राहतंच.

जूनमध्ये शाळा उघडली की त्या मुलीला मी आपणहून सांगणार आहे, "हो, पाहिल्यात. आणि देवळातला लेखही." मैत्रीण तेव्हा नागपूरला पोचलेली असेल. तिला पत्रानं कळवीन.