टेप भरून देणारी माणसे

वाचकहो, आज पीकपाण्याचे सोडून जपानी कार्टूनचा विषय काढला, तर तुम्ही म्हणाल, साहेबांना झाले आहे तरी काय! पण तुमच्या-माझ्या घरातली पोरे 'ॲनिमे' म्हणून जे पाहतात, ते हेच. आणि ते आपल्यालाही नवे नाही. दूरदर्शनवर मोगलीचे 'जंगल बुक' लागे, ते जपानात १९८९ साली तयार झालेले. हिंदीत आले म्हणून घरोघरची पोरे टीव्हीपुढे बसली. जपानीतच लागले असते तर कोण बसले असते?

अमेरिकेतल्या चाहत्यांपुढे नेमकी हीच अडचण होती. १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये काही मंडळींनी या चित्रांसाठी एक संघ काढला. जपानहून व्हिडिओ टेप यायच्या. जपान व अमेरिका यांची टीव्हीची पद्धत एकच, म्हणून त्या तिथल्या यंत्रावर चालत. (आपल्याकडची पद्धत निराळी.) चित्र दिसे, पण बोलणे कळेना. मग थोडीफार जपानी येणारा कोणी उभा राहून गोष्ट सांगे, नाहीतर कथासार छापून वाटत.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकावर अक्षरे तयार करून ती चित्राखाली उमटवण्याची सोय झाली. तेव्हा या हौशी मंडळींनी काय कष्ट घेतले ते पाहा. एकाने भाषांतर करायचे. दुसऱ्याने प्रत्येक वाक्य कोणत्या क्षणी यावे आणि कधी जावे ते लावायचे. मग दोन यंत्रे जोडून प्रती काढायच्या. दोन तासांच्या टेपला दोन तासच लागत, घाई चालत नसे. हे सगळे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, रात्री जागून. मागणाऱ्याने कोरी टेप आणि परतीचे टपाल पाठवायचे, बस्स. मजुरी कसली ती नाहीच.

प्रतीवरून प्रत काढत गेले की चित्र फिके पडत जाई. संकरित ज्वारीचे घरचे बी पुन्हा पेरले की पीक उतरते, त्याची मला आठवण झाली. कारण अर्थात वेगळे. म्हणून मूळ टेपजवळची प्रत मिळावी यासाठी लोक धडपडत.

आता तुम्ही विचाराल, मालकाच्या परवानगीवाचून हे योग्य होते का? कायद्याने नव्हते, ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यांनी स्वतःला शिस्त लावून घेतली होती. टेपवरच लिहीत, ही विकू नये, भाड्याने देऊ नये. एखाद्या कंपनीने रीतसर हक्क घेतले की त्या चित्राचे वाटप थांबवावे, असा शिरस्ता होता. तो सगळ्यांनीच पाळला असे नाही. फुकट मिळालेली टेप विकून पैसे करणारेही निघाले, त्यांचे कौतुक मी करणार नाही. मात्र याच चाहत्यांतून पुढे रीतसर धंदा करणारे उभे राहिले. १९८८ साली निघालेली 'ॲनिमएगो' ही कंपनी त्यांतलीच.

संशोधन केंद्रातले ज्ञान बांधावर तुमच्या भाषेत पोचवायचे, हेच माझे आयुष्यभराचे काम. मला त्याचा पगार मिळाला. त्यांना काय मिळाले? पुष्कळांचे तर नावही कोणाला ठाऊक नाही.

आज बरीचशी चित्रे मोबाईलवर रीतसर, भाषांतरासह मिळतात. तरी कोणी हक्क न घेतलेल्या जुन्या मालिकांसाठी अशी माणसे अजून बसतात. घरी पोरगा पाहत असेल तर त्याला ओरडण्याआधी जरा शेजारी बसा, आणि विचारा, बाळा, खालच्या ओळी कोणी लिहिल्या रे?