ताठ बसण्याची ऐट

माझ्या सायकलला गिअर नाहीत. रंग काळा कुळकुळीत, आणि वजन असं की जिन्यावरून वर न्यायची म्हटलं तर शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. मूळची ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सोसायटीतली पोरं तिला ‘दूधवाल्याची सायकल’ म्हणतात. म्हणोत बापडी! दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून भल्या पहाटे खड्ड्यांतून जाणारा माणूस उगाच का ही सायकल निवडतो?

हिची खरी गंमत बसण्यात आहे. हँडल उंच आणि अंगाकडे वळलेलं. त्यामुळे पाठ ताठ, हातांवर भार नाही, नजर समोर. २८ इंची चाकं लहानसहान खड्ड्यांना जुमानत नाहीत. साखळी अख्खी चेनकव्हरच्या पोटात. अण्णा पुण्यात पांढरंशुभ्र धोतर नेसून कचेरीत जायचे, पण धोतराला वंगणाचा डाग म्हणून कधी नाही! सायकल चालवायला वेगळे कपडे लागतात हे ऐकून त्यांना हसूच आलं असतं.

तशी ही मंडळी इंग्लंडची. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. तोवरच्या सायकलींचं पुढचं चाक पुरुषभर उंच, पडलं की कपाळमोक्षच. रोव्हरमध्ये मागचं चाक साखळीने फिरू लागलं. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर केला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. पुढे आपल्याकडे सोनीपतला ‘ॲटलस’ निघाली, लुधियानाला ‘हीरो’. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी. ती बातमी वाचून मी उगाचच आमच्या सायकलवरून फडकं फिरवलं.

आमच्या आठवीतल्या कन्येला मामाने वाढदिवसाला गिअरची सायकल दिली होती. दिसायला झोकदार! पण पुढे वाकून बसायचं, वर पाठीवर दप्तर. खांदे दुखायला लागले. एकदा ओढणी चाकात जाता जाता वाचली. झालं, बाईसाहेब रिक्षावाल्या काकांच्या हवाली. तास संपल्यावर लायब्ररी नाही, मैत्रिणीकडे जाणं नाही. काकांचा भोंगा वाजला की निघायचं.

मग आत्याच्या माळ्यावरची लेडीज सायकल खाली आली. मधली दांडी वाकवून खाली नेलेली, मागच्या चाकाला जाळी, पुढे टोपली. दप्तर करिअरवर. टायरट्यूब नवीन घातले, बाकी सगळं तेल पाजल्यावर चालू! एक मात्र मी तिला बजावलंय. हे दांड्यांचे ब्रेक रिम ओली असली की उशिरा लागतात, तेव्हा पावसात आधीपासूनच वेग कमी करायचा.

पहिले दोन दिवस स्वारी गल्लीच्या टोकापर्यंत सायकल हातात धरून नेत होती, कुणी हसेल म्हणून. तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने चक्कर मारायला मागितली. परवा तर घरी यायला अर्धा तास उशीर. आई दारात उभी. टोपलीभर चिंचा होत्या.