पैनगंगेकाठची रेंज

झरी जामणी तालुक्यात फोनला कुठली रेंज मिळेल, हे आपण कुठल्या वावरात उभे आहोत त्यावर असतं. पैनगंगेच्या अलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा, पलीकडे आदिलाबाद. दूरसंचार खात्याच्या लेखी महाराष्ट्र आणि आदिलाबाद ज्यात येतं ते आंध्र, ही वेगवेगळी सर्कल. पण इकडच्या टॉवरचा जोर ओसरला की फोन सरळ पलीकडचा टॉवर धरतो. पूर्वी रोमिंगमध्ये आलेल्या फोनचेही पैसे पडत. म्हणजे स्वतःच्या शेतात कापूस वेचणाऱ्या माणसाचा बॅलन्स परराज्यात गेल्यासारखा कापला जाई.

नेट मी पहिल्यांदा पाहिलं ते बटणांच्या फोनवर. बहिणीचा दहावीचा निकाल होता. बैठक क्रमांक एकेक बटण दाबून टाकला, वरची पट्टी अर्धी भरली आणि मामाचा फोन आला, "लागला काय रे निकाल?" पट्टी तिथंच थांबली. त्या जीपीआरएसवर बोलणं सुरू झालं की नेट बंद पडायचं. मामाला कसंबसं थांबवलं, पुन्हा क्रमांक टाकला. शेवटी मार्क दिसले तेव्हा आई फोनच्या इतक्या जवळ आली होती, की मला पडदा दिसेना.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. मुकुटबनच्या बाजारात पोरांच्या हातात व्हिडिओ आले, कापसाचे भाव घरबसल्या कळू लागले. सागवानाच्या जंगलातल्या, टेकड्यांआडच्या कोलाम पोडांना, म्हणजे वस्त्यांना मात्र त्याचा फारसा उपयोग नव्हता. लहरी टेकडी ओलांडत नाहीत, आणि मोजक्या घरांसाठी कुठली कंपनी टॉवर उभारणार? जिथं टॉवर आहे तिथंही लाइन गेली आणि बॅटरी उतरली की सगळं गप्प. २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या आणि शिकवणं फोनवर आलं तेव्हा तर एका घरातल्या तीन लेकरांत एक फोन, आणि तोही बाप कामावर घेऊन गेलेला.

पोडावर नेट म्हणजे करमणूक नाही, हे मला रेशनच्या रांगेत उमगलं. ई-पॉस मशीनवर अंगठा लागल्याशिवाय धान्य नाही. एक आजी कोरडा, भेगाळलेला अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवत होती. ठसा उमटला तर रेंज नाही, रेंज आली तर ठसा जुळेना. तिची पिशवी रिकामीच होती.

२०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची फोनवरून नोंद आली. पऱ्हाटीत उभं राहून फोटो काढायचा. तो नेटशिवाय निघतो, पण पाठवायला रेंज लागतेच. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला हमीभावानं कापूस द्यायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' अॅपवर नोंदणी. या सोयींनी हेलपाटे वाचतात, हे मी पाहिलं आहे आणि मला त्या हव्याच आहेत. पण धान्य, पीकविमा, हमीभाव ही सगळी हक्काची कामं सरकारनं नेटवर नेली असतील, तर रेंजही सरकारनंच पोचवली पाहिजे, रस्ता पोचवतात तशी. केंद्रानं जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांना फोर-जी द्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले. ही जाणीव दिल्लीला आहे तर. मात्र पोडावर टॉवर उभा राहीपर्यंत तिथल्या रेशन दुकानात एक वही ठेवा. आजीचं नाव त्यात लिहा, सही घ्या, आणि धान्य त्याच दिवशी मोजून द्या.