काच, ठसा आणि पाठभेद

पारदर्शक वस्तूकडून आपली अपेक्षा एकच असते, ती म्हणजे तिने स्वतः दिसू नये. खिडकीची काच दिसू लागली की ती खराब झाली, असे आपण धरून चालतो. रत्नागिरीत एका छोट्या एस.टी.च्या काचा उजळताना या समजुतीचा मला नव्याने विचार करावा लागला.

माझे काका एस.टी.त चालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी प्लायवूड आणि पत्र्यातून लाल गाडीची सुमारे दीड फूट लांबीची प्रतिकृती केली. पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचे पातळ तुकडे आणून ते खिडक्यांना बसवले. छत चार स्क्रू काढून उचलता येईल अशी सोयही ठेवली. काका गेल्यावर ती गाडी कपाटावर राहिली. काकूंनी ती माझ्या हाती दिली, तेव्हा काचांमधून आतली आसने दिसेनाशी झाली होती.

मळ तीन प्रकारचा होता. धूळ आणि तेलकट थर साबणाच्या कोमट पाण्याने गेला. दुसरा प्रकार ओरखड्यांचा. ओली असताना काच स्वच्छ वाटे आणि वाळताच पुन्हा धुरकट होई. ओरखड्यात हवा असते तेव्हा प्रकाश विखुरतो. तिथे पाणी शिरले की विखुरणे कमी होते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, पाण्याचा १.३३ आणि खोबरेल तेलाचा १.४५च्या आसपास. म्हणजे तेलाचे बोट फिरवले, तर ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात. पण ही फसवणूक झाली. त्या तेलावर चार दिवसांत धूळ बसते. खरा उपाय घासण्याचाच. २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासायचे, मग त्याहून बारीक कागदाने आडव्या दिशेने, आधीच्या रेषा पुसल्या जाईपर्यंत. शेवटी मऊ सुती कापडावर ब्रासो. थिनर किंवा ॲसिटोन वापरले तर काचच विरघळते, आणि स्पिरिटने कापलेल्या कडांना बारीक तडे जाऊ शकतात.

तिसरा प्रकार मात्र काचांच्या आतल्या बाजूस होता: पांढरी, खडूसारखी साय. झटपट चिकटणाऱ्या गोंदातून, म्हणजे सायनोॲक्रिलेटमधून, वाफ निघते. ती हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन जवळच्या पृष्ठभागावर बसते. बोटाच्या ताज्या ठशावर ती विशेष धरते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांनी याच गुणाचा उपयोग गुन्ह्याच्या जागचे ठसे उमटवण्यासाठी सुरू केला. डावीकडची तिसरी काच मी उजेडात तिरपी धरली, तेव्हा त्या सायीत अंगठ्याचा पूर्ण ठसा दिसला. रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. गाडी काकांशिवाय दुसऱ्या कोणी जोडली नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी नाही. मळ कोणता आणि संहिता कोणती? शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुढे १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरी छापली, ती आपण एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून. शुद्धी झाली नसती तर ग्रंथ अशुद्ध प्रतींमध्ये अधिकच गढूळ झाला असता, हे खरे. पण शुद्ध करणाऱ्याच्या हाताखालून काय गेले, हे जाणण्याची ओढ वाचकाला सुटत नाही, हेही तितकेच खरे. एकनाथांनी कोणते पाठ बाजूला ठेवले, याची यादी आपल्यापाशी नाही. तशी यादी ठेवण्याची त्या काळाची रीतही नव्हती. आपल्याला मात्र ती रीत ठाऊक आहे.

काचेवरचा ठसा अर्धा ठेवता येत नाही. ती साय घासूनच जाते आणि गेली की गेली. काच तशीच ठेवावी, असे मला फार वाटत होते. तो ठसा मला गाडीहून अधिक ‘काकांचा’ वाटू लागला होता. मी काकूंना तो दाखवला. त्यांनी काच डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

“पुसून टाक,” त्या म्हणाल्या. “समोरची काच स्वतः पुसल्याशिवाय हे कधी गाडीत बसले नाहीत.”

यात लेखकाच्या हेतूचा पक्ष आला, आणि तो मला मान्य करावा लागला. काकांनी गाडी केली होती. ठसा केला नव्हता. तो त्यांच्याकडून राहून गेला होता. पण राहून गेलेले मूळ पाठात नको, म्हणून ते कुठेच नको, असे होत नाही. संपादक नाकारलेला पाठ तळटीपेत देतो, तो याचसाठी.

काळ्या कापडावर काच ठेवून, बाजूने उजेड देऊन मी छायाचित्र घेतले. मग काच घासली. सगळ्या काचा या वेळी पांढऱ्या फेविकॉलने बसवल्या. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि त्यातून तशी वाफ निघत नाही. आता चालकाच्या आसनामागची पाचही बाके दिसतात. एका कोपऱ्यावर करवतीचा खोल ओरखडा आहे. तो काढायचा तर काच इतकी झिजवावी लागली असती की ती चौकटीत सैल झाली असती, म्हणून तो राहू दिला.

छायाचित्र छताच्या आतल्या बाजूस चिकटवले आहे. खाली तारीख आणि एवढेच: ‘डावीकडील तिसरी काच, आतली बाजू. अंगठ्याचा ठसा. काढला.’ स्क्रू चारच आहेत. ज्याला पाहायचे असेल त्याने छत उचलावे.