दोघींची पानं

जुनी मैत्रीण भेटायला येणार म्हटलं की आमच्या पिढीतल्या बायकांच्या मनात पहिला विचार येतो तो स्वयंपाकाचा. तिला अळूवडी आवडायची, तर अळू आणायला हवा. आदल्या दिवशी नारळ खवून ठेवायचा, कोथिंबीर निवडायची. ती आली की "अगं, बस ना तूही," असं ती पानावरून म्हणत राहते आणि "आले गं, एवढी पोळी टाकते" असं आपण ओट्यापाशी उभं राहून म्हणत राहतो. मधल्या गप्पा कुकरच्या शिट्टीत आणि भांड्यांच्या आवाजात विरून जातात. मग निघताना, दारात चपला घालता घालता, ती एक वाक्य बोलते आणि कळतं, आज ती हेच सांगायला आली होती. पण तोवर खाली रिक्षा येऊन थांबलेली असते.

म्हणून या खेपेला तिचा फोन आला तेव्हा म्हटलं, "घरी नको. माटुंग्याला भेटू. रामा नायककडे जेवू." ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "खरंच? नुसतं बसून जेवायचं?"

माटुंगा आमचं. 1937 साली सुरू झालेल्या रुइया कॉलेजात आम्ही ऐंशीच्या दशकात शिकलो. ती डोंबिवलीहून लोकलने यायची, मी परळहून. कट्ट्यावर बसायचं, लेक्चर संपलं की कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या, नाट्यवलयाच्या तालमीला जायचं, काळोख पडल्यावर स्टेशनकडे पळायचं. ती नाटकात काम करायची आणि मी प्रॉम्प्टिंग. तिचे संवाद मला तिच्याइतकेच पाठ असत. खिशात पास आणि कटिंगपुरते पैसे. उडुपी हॉटेलांवरून जाताना सांबाराचा वास यायचा, काचेच्या कपाटातले वडे दिसायचे, आणि आम्ही पुढे जायचो. नोकरी लागली की इथे केळीच्या पानावर पोटभर जेवायचं, असं ठरलेलं होतं. नोकऱ्या लागल्या. तिची लग्नानंतर कुडाळला, शाळेत. माझी इथेच, बँकेत. जेवण मात्र राहून गेलं.

माटुंगा स्टेशनावर ती माझ्याआधी पोचली होती आणि तिकीट खिडकीकडे बघत उभी होती. या स्टेशनाचा सगळा कारभार 2017 पासून बायकांच्या हाती दिला गेला. स्टेशन मॅनेजरपासून तिकीट तपासनीसापर्यंत साऱ्या महिला, असं मध्य रेल्वेचं हे पहिलं स्टेशन. आम्ही पास काढायला रांगेत उभ्या असायचो तेव्हा खिडकीपलीकडे बाई क्वचितच दिसायची. ती म्हणाली, "बघ, इथं आपण गाडी चुकू नये म्हणून धावायचो. आता गाडीकडे बघणाऱ्याही आपल्यातल्याच."

बाहेर मोगऱ्याचा वास होता. माटुंग्याच्या फुलवाल्यांकडे गजरे, तुळशीच्या माळा, पूजेला लागणारी केळीची पानं, सगळं एका ओळीत मिळतं. 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या जुन्या मुंबईला मोकळी जागा हवी होती. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि रेल्वेत, कचेऱ्यांत नोकरीला आलेली दक्षिणेकडची कुटुंबं इथे वसली. त्यांच्या मागोमाग त्यांचं जेवण आलं. उडुपीकडची गरीब घरची मुलं लहान वयात मुंबई गाठायची, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासायची, हळूहळू वाढपी व्हायची, मग आचारी. ए. रामा नायक असेच पोरवयात आले आणि 1942 साली त्यांनी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. घरापासून लांब राहणाऱ्या नोकरदाराला दोन वेळा घरासारखं जेवण मिळावं, एवढीच बोर्डिंगमागची कल्पना. स्टेशनाला लागून असलेल्या मंडईच्या इमारतीचा जिना चढलं की वर अजूनही तेच चालू आहे.

जिना चढताना मला आईची आठवण झाली. ती घराबाहेर जेवली ती लग्नामुंजीतच, आणि तिथेही बायकांची पंगत शेवटची. पुरुषांच्या पंगती उठल्यावर, उरलेल्या जिलेब्यांवर. हॉटेलात ती कधी गेलीच तर 'फॅमिली रूम'च्या अर्ध्या दाराआड, बाबांसोबत, चहापुरती. दोन बायका दुपारी निवांत जेवायला बसल्यात आणि तिसरं कुणी त्यांना वाढतंय, हे दृश्य तिच्या आयुष्यात आलंच नाही. आमच्या आयुष्यातही ते उशिराच येत होतं.

कुपन घेतलं. ताटातलं लिमिटेड जेवण असतं आणि केळीच्या पानावरचं अनलिमिटेड. आम्ही पानाचं घेतलं. समोरासमोर बसलो. एकाच वेळी दोघींपुढे पानं आली, हिरवीगार, मधला देठ जाड, शिरा बोटांना लागणाऱ्या. पाणी शिंपडून पुसून घेतली. मग वाढप्यांची ये-जा सुरू झाली. एकाने मीठ आणि लोणचं टाकलं, दुसऱ्याने कोरडी भाजी, तिसऱ्याने रस्सा भाजी, मागून पापड. कुणी विचारलं नाही की तुमच्यातली घरमालकीण कोण आणि पाहुणी कोण. मैत्रिणीला नीट बघायला मला त्या दुपारी प्रथमच इतका वेळ मिळाला.

भात आला. तिने बोटांनी त्यात आळं केलं, कोकणातल्या माणसाचा हात लगेच ओळखू येतो. रसम ओतलं गेलं तसं ते आळ्याच्या कडेशी थांबलं, मग एका बाजूने झिरपत पानाच्या शिरेवरून धावू लागलं. तिने भाताची एक मूठ पुढे सारून त्याला अडवलं. मिरी आणि जिऱ्याची वाफ वर आली. पहिला घास घेतला आणि दुसरा लगोलग. तिसरा, चौथा. मी दोन घास खाईस्तोवर तिचं पान निम्मं रिकामं झालं होतं.

"एवढी घाई का गं?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. म्हणाली, "सवय झालीये. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना. मी जेवायला बसले की त्या हाक मारायच्या. कळत नसायचं त्यांना, पण मारायच्या. मग उभ्यानंच, पटापट. त्या गेल्या, तरी हाताला अजून कळलेलं नाही."

सासूबाईंच्या आजारपणाबद्दल मला ठाऊक होतं. फोनवर "कशा आहेत?" "तशाच आहेत," एवढं बोलणं वर्षानुवर्षं होत होतं. पण त्या आजारपणाने तिच्या घासाचा वेग बदलला, हे मला तिच्या पानासमोर बसल्यावर समजलं. ते फोनवर समजण्यासारखं नव्हतंच. माझ्या घरी ती आली असती, तर मी गरम पोळी आणायला आत गेलेली असते आणि बाहेर येईपर्यंत तिचं ताट संपलेलं असतं. मी म्हटलं असतं, "अगं, अजून घे ना."

वाढपी पुन्हा आला. "भात?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे. कुणी हाक मारत नाही." तिने घेतला, आणि या वेळी सावकाश कालवला.

मग ती बोलली. वर्गातल्या पोरांना ती नाटक शिकवते, तालुक्याला स्पर्धेला नेते. मंचावर स्वतः पुन्हा उभं राहावंसं वाटतं, पण आवाज साथ देईल का, ही धास्ती. मी तिला तिचाच एक जुना संवाद आठवून दिला. ती पुढची ओळ म्हणाली, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान वर करून पाहण्याइतक्या मोठ्या आवाजात. आवाज शाबूत होता. पायसम आलं तेव्हा मी पानावर हात आडवा धरला, आणि तिने विचारलं, "शुगर?" मी मान हलवली. घरी कुणाशी मी हे इतकं चटकन कबूल करत नाही. औषधं कोणती, चालायला जातेस का, डोळे तपासलेस का, सगळं तिने खडसावून विचारलं. ताकभात संपेपर्यंत माझ्या तब्येतीची झाडाझडती झालेली होती आणि तिच्या मनातली गोष्टही बाहेर आली होती.

मागे माणसं खोळंबली होती, त्यामुळे जेवून रेंगाळणं तिथे नाही. पण जेवढा वेळ बसलो, तो पुरा आमचा होता. आपल्या संस्कृतीत माणूस जोडायचा तर त्याला वाढायचं, हे आपण आईकडून शिकलो, आणि ते खरंही आहे. पण वाढणारीलाही कधी कुणासमोर बसून जेवायला मिळायला हवं. मैत्रीला दोन्ही पानं एकाच वेळी मांडलेली लागतात. एक पान रिकामं आणि वाढणारी उभी, असं असेल तर जिव्हाळा दिसतो, पण भेट अर्धीच होते.

तेव्हा तुमच्याही फोनमध्ये अशा एखाद्या जुन्या मैत्रिणीचा नंबर असेल, जिला "एकदा घरी जेवायला ये गं" असं तुम्ही बरीच वर्षं म्हणत आला असाल, तर या रविवारी तिला घरी बोलावू नका. जवळच्या खानावळीत, उडुप्याकडे, जिथे परवडेल तिथे बाहेर भेटा. ओट्याला एक दुपार सुट्टी द्या आणि तिच्या समोर बसून, अगदी सावकाश, पोटभर जेवा.